वाकळीवर आईचा फोटो: कापडावर घरच्या घरी छपाई

आईच्या जुन्या साड्यांची वाकळ शिवायला घेतली, तेव्हाच ठरवलं की मधल्या चौकोनात तीच असेल. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीला, सुपारीचे घोस बांधतानाचा तिचा एक काळा-पांढरा फोटो आहे, तळहाताएवढा. फोंड्याला घरी, साध्या इंकजेट प्रिंटरवर तो मी कापडावर उतरवला. लेझर प्रिंटर मात्र यासाठी नको. त्यात टोनर तापवून बसवतात आणि कापडामागे आधाराला लावलेल्या स्टिकर कागदाचा गोंद आत वितळला तर मशीन बिघडेल.

आधी शाई तपासा. डाय शाई पाण्यात विरघळते. पिगमेंट शाईचे बारीक कण धाग्यावर बसून राहतात. माझा पहिला फोटो डाय शाईचा होता. पहिल्याच धुण्यात आईचा चेहरा निळसर पसरला आणि आठवडाभराचे टाके मला उसवावे लागले. फार वाईट वाटलं. म्हणून आधी चिंधीवर छापा, दिवसभर वाळवा, मग पाण्याचा थेंब टाका. रंग ओघळला तर ते चित्र भिंतीवर लावायच्या कामात वापरा, अंगावर घ्यायच्या वाकळीत नको. काही प्रिंटरांत रंग डाय आणि काळी तेवढी पिगमेंट असते. जुन्या फोटोंना तेवढी पुरते. सेटिंगमध्ये ग्रेस्केल आणि 'साधा कागद' निवडा. फोटो पेपर निवडला तर असे काही प्रिंटर पिगमेंट काळी बाजूला ठेवून रंगांच्या मिश्रणातून काळा करतात.

कापड शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचं घ्या: केंब्रिक किंवा पॉपलीन. मांजरपाट जाडाभरडा पडतो, त्यावर डोळे-नाक फुटतात. दुकानातून आणलेल्या कापडाला खळ असते, ती गरम पाण्यात धुऊन काढा. आटायचं तेवढं तेव्हाच आटतं. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, चित्रातलं पांढरं म्हणजे खालचं कापड. मी मुद्दाम किंचित पिवळसर केंब्रिक घेतलं आणि फोटोला जुनेपण आपोआप आलं.

मागे आधार म्हणून एफोर मापाचा अखंड स्टिकर कागद लागतो, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. कापडाला कोरडी इस्त्री करा. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातलं कापडही सर्द असतं, त्यामुळे इस्त्री अगदी छपाईच्या आधी. मग स्टिकरच्या चिकट बाजूवर मधून कडांकडे दाबत कापड बसवा, सुरकुती राहू देऊ नका. कागदाच्या कडेने धारदार कात्रीने कापा; एक धागा लोंबला तरी तो शाईत फरफटतो. प्रिंटरात आधी जाणाऱ्या कडेला सेलोटेप दुमडून लावा आणि एका वेळी एकच पान घाला. मागून सरळ कागद घेणारा प्रिंटर असेल तर उत्तम. पुढच्या ट्रेमधून पान वळताना कापड सुटतं.

फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा. कापडावर तो फिका दिसतो, तेव्हा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. चित्र उलटं करायचं नाही, ते इस्त्रीने उतरवायच्या ट्रान्सफर कागदासाठी असतं. चारी बाजूंनी पाव इंच शिलाईला सोडा. मी तर अर्धा सोडते.

छापून झालं की पंख्याखाली एक दिवस, जून ते सप्टेंबर दोन दिवस. उन्हात नको. मग कागद हलकेच सोडवा, वरून दुसरं सुती कापड ठेवून वाफेशिवाय गरम इस्त्री फिरवा. कागद चिकटलेला असताना इस्त्री केलीत तर गोंद कापडात उतरेल. शेवटी थंड पाण्यात बुडवून काढा, पिळू नका, टॉवेलवर पसरा.

धावदोरा घालताना चेहऱ्यावरून टाके नेऊ नका. मी ते केसांच्या कडेने आणि माटोळीच्या चौकटीवरून नेले. भोवती तिच्या लाल चौकटीच्या साडीच्या पट्ट्या लावल्या आहेत. अजून दोन बाजू शिवायच्या आहेत.