पहिल्या चेलो मैफलीसाठी सोनाटा निवडताना

सांगलीत राहून चेलो (व्हायोलिनच्या कुळातील, बसून वाजवायचे मोठे वाद्य) शिकणाऱ्याने पहिली स्वतंत्र मैफल ठरवताना सर्वांत अवघड रचना शोधण्यापेक्षा कोणत्या दोन रचना एकामागून एक वाजवायच्या, याचा विचार आधी करावा. मी दोन सोनाटा, म्हणजे चेलो आणि पियानो यांच्यासाठीच्या अनेक भागांच्या रचना, निवडल्या: जर्मन संगीतकार बेथोव्हनचा ए मेजर या स्वरश्रेणीतील सोनाटा (ओपस म्हणजे रचना क्रमांक 69, 1807–08) आणि फ्रेंच संगीतकार देब्युसीचा 1915 मधील सोनाटा. एक प्रसन्न आणि दुसरा अस्वस्थ, एवढ्या वर्णनाने त्यांतील विरोध कळत नाही, कारण तो प्रत्यक्ष वादनात आहे. बेथोव्हनमध्ये चेलो एकटाच, खालच्या सुरांत सुरुवात करतो. देब्युसीमध्ये आधी पियानो बोलतो. पहिल्यात गज लांब आणि स्थिर लागतो, तर दुसऱ्याच्या मधल्या भागात चेलोवादक बराच वेळ तारा बोटांनी छेडतो आणि मधूनच गजाकडे वळतो. हा बदल गज तळहातात धरूनच, संथ लयीत स्वतंत्रपणे घोटावा लागतो.

बेथोव्हन सुमारे पंचवीस मिनिटांचा, देब्युसी जेमतेम बारा मिनिटांचा. लहान रचना आधी घ्यावी असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही, कारण आपल्याकडे श्रोते उशिरा येतात आणि देब्युसीचा निम्मा भाग खुर्च्यांच्या आवाजातच संपतो.

साथीदाराबरोबरच्या तालमी लवकर सुरू कराव्यात. खरे तर 'साथ' हा शब्दही येथे अपुरा आहे, कारण दोन्ही सोनाटांत पियानोवादक बरोबरीचा असतो. सुरात लावलेला पियानो मिळाला नाही, तर डिजिटल पियानो चालतो, मात्र त्याचा स्पीकर चेलोच्या मागे, वादकाला ऐकू येईल असा ठेवावा. रंगमंचावर सतरंजी असेल, तर चेलोची टोकदार दांडी तिच्यासकट पुढे सरकते; म्हणून खाली लाकडी फळी ठेवून ती खुर्चीच्या पायांना पट्ट्याने बांधावी. खुर्ची बिनहाताची हवी, हे आयोजकांना आधीच सांगावे.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल पडतात. खुंट्या नीट बसवण्याचे काम मिरजेतील सतार-तंबोऱ्याचे जाणकार कारागीर करू शकतात. चेलोच्या पोटातील लहान लाकडी खांब मात्र सतारीत नसतो. तो हलला, तर व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणाऱ्याकडेच वाद्य न्यावे आणि तोवर तारा सैल करून ठेवाव्यात.