बेसचा गोंगाट स्पंजने गेला

सदाशिव पेठेतल्या खोलीत महिनाभर बेस गिटारवर रॉक अँड रोलच्या बारा बारवर, म्हणजे बारा मापांच्या ठरलेल्या आवर्तनावर, घाम गाळला. सूर असे: ए, सी शार्प, ई, एफ शार्प. बोटं बरोबर पडायची, तरी सगळं गिचमिड. आधीचा सूर विझायच्या आत पुढचा त्यावर चढायचा. मी ॲम्प्लिफायरला शिव्या घालत होतो.

मग चक बेरीचं १९५८चं ‘जॉनी बी. गुड’ हे गाणं हेडफोनवर नीट ऐकलं. त्यात विली डिक्सनचा उभा डबल बेस (व्हायोलिनच्या घराण्यातला माणसाएवढा बेस) आहे, सूर उमटला की लगेच मावळतो!

भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर पट्टी कापली, खरखरीत हिरवी बाजू सोलून टाकली आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांखाली सरकवली. पहिल्यांदा फार कोंबली, तर सूरच मेला. थोडी सैल केल्यावर धप्, धप्, धप्, चाल सुटी झाली. फेंडर कंपनीच्या जुन्या ‘प्रिसिजन बेस’ गिटारमध्ये ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचाच.

आई अजून स्पंज शोधतेय.