होम लोनची लाइन सोडायच्या आधी काय काय तयारी करावी

या महिन्यात जळगाव, भुसावळ, अमळनेर धरून चार जणांचे फोन आले, सगळे आपल्याच लाइनीतले, कोणी डीएसए म्हणजे बँकेसाठी लोनची गिऱ्हाईकं आणणारा एजंट, कोणी नुसता ओळख करून देणारा कनेक्टर, आणि विचारतात एकच, भाऊ तुम्ही सोडलं मग पुढे काय केलं, आम्हालाही आता होत नाही. प्रत्येकाशी तासभर बोलूनही काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. मी अकरा वर्षं होम लोन आणि मॉर्गेजच्या फाइली केल्या, आता एका वकिलांच्या ऑफिसात सर्च रिपोर्ट म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासायचं आणि दस्ताचं काम बघतो. मधे एक वर्ष मात्र पार वाया गेलं, ते तुमचं जाऊ नये एवढंच वाटतं.

सगळ्यात आधी स्वतःला एक विचारा, तुम्हाला लोन सोडायचंय का सेल्स सोडायचंय? मला हे कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, नवीन गिऱ्हाईक थांबलं, त्याच्या आधीच पंतप्रधान आवास योजनेचं ते २ लाख ६७ हजारांपर्यंतच्या सबसिडीवालं गाजर संपलं होतं, मी म्हटलं लोनमधे आता राम नाही, आणि सरळ एका सोलरच्या डीलरकडे मार्केटिंगला लागलो. माल चांगला होता, लोकांना पाहिजे पण होता. पण दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी पोटात जो गोळा यायचा तो तिथेही आलाच, कारण एक तारखेला आकडा पुन्हा शून्य. माझं दुखणं लोनचं नव्हतंच, टार्गेटचं होतं, आणि हे कळायला आठ-नऊ महिने गेले.

म्हणून पंधरा दिवस एक साधी वही करा. दिवसभरात जे जे केलं ते रात्री लिहायचं आणि पुढे फक्त दोनच खुणा, हे करताना बरं वाटलं का जीव नकोसा झाला. अनोळखी माणसाला फोन लावणं वेगळं लिहा, ओळखीच्याकडून रेफरन्स मागणं वेगळं, सातबारा-आठ अ वाचणं वेगळं, बँकेच्या मॅनेजरपुढे बसून क्वेरी सोडवणं वेगळं, पे-आउट म्हणजे बँकेकडून येणाऱ्या कमिशनसाठी मागे लागणं वेगळं. माझ्या वहीत कागद वाचायच्या कामापुढे सगळीकडे चांगली खूण होती आणि फोन लावायच्या कामापुढे एकही नाही. दुसऱ्या एका मित्राचं नेमकं उलटं निघालं, त्याला माणसं पाहिजेत, कागद बघितला की झोप येते, तो आता ठिबक आणि पाइपांच्या डीलरकडे आहे आणि यावल-रावेरच्या केळीवाल्यांमधे इतका रमलाय की घरी जेवायला सापडत नाही. दोघंही लोनमधून बाहेर पडलो, पण रस्ते दोन वेगळे, आणि वही केली नसती तर आम्ही दोघंही चुकीच्या रस्त्याला लागलो असतो.

मग पैसा. सोडायची तारीख रागाच्या भरात ठरवू नका, पे-आउटचं कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. मार्चला जास्तीत जास्त डिस्बर्समेंट, म्हणजे मंजूर लोनचं प्रत्यक्ष वाटप, होतात आणि त्याचे पैसे हातात यायला पुढचा महिना दीड महिना जातो, म्हणजे फेब्रुवारीत बँकेने दिलेला आपला एजंट कोड बंद केला तर वर्षभराच्या मेहनतीचं पीक दुसऱ्याच्या खळ्यात. माझ्या मते आपल्याकडे आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचा काळ बरा, मार्चचे पैसे आलेले असतात, आखाजीच्या मुहूर्ताची बुकिंग झालेली असतात, आणि पावसाळ्यात तसंही कापूस घरात येईपर्यंत शेतकरी गिऱ्हाईक हलत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे, त्यात स्वतःच्या घराचा हप्ता, मुलांची फी आणि घरच्यांचा मेडिक्लेम धरून, नुसता किराणा धरून नाही. आणि बँकेशी केलेलं ॲग्रीमेंट काढून एकदा शांतपणे वाचा, गिऱ्हाईकाने ठराविक महिन्यांच्या आत लोन बंद केलं किंवा बीटी केलं म्हणजे दुसऱ्या बँकेत हलवलं तर पे-आउट परत घेण्याचं कलम बऱ्याच ॲग्रीमेंटमधे असतं, तेवढी रक्कम खर्चायची नाही, वेगळी ठेवायची. टीडीएसही बघा, कमिशनवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ वर आलाय, पण त्याच्या आधीच्या वर्षांचा कापलेला पैसा रिटर्न न भरल्यामुळे तसाच पडून राहिलाय अशी माणसं मला माहितीयेत. सीएला विचारून जे राहिलं असेल ते उरकून घ्या.

आता जे कोणीच करत नाही ते, घरातले कागद. मी सोडलं तेव्हा माळ्यावर खताच्या दोन गोण्या भरून फाइली होत्या. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, लग्नाच्या पत्रिकांच्या मागच्या बाजूला लिहिलेले फोन नंबर. एका रविवारी मी आणि बायको सतरंजी टाकून बसलो, दुपारपर्यंत हात काळे झाले, आणि एका पिवळ्या फोल्डरमधे सुतळीच्या गाठीखाली चार सह्या केलेले कोरे चेक निघाले. पाचोऱ्याच्या एका शाळेतल्या सरांचे. फाइल सहा वर्षांपूर्वीच रिजेक्ट झालेली, चेक मात्र माझ्याकडेच. मी दुसऱ्या दिवशी गाडी काढून गेलो, सर तोपर्यंत रिटायर झाले होते, ओट्यावर बसले होते, चेक हातात घेऊन त्यांनी स्वतःची सही बोटाने चाचपून बघितली आणि म्हणाले, दादा, मी तर विसरूनच गेलो होतो. चहा झाला, चारही चेक त्यांनी माझ्यासमोर फाडले. त्या चेकांचं आपल्या हातून काहीही झालं नव्हतं, पण होऊ शकलं असतं, गोणी रद्दीत गेली असती तर कोणाच्या हाती लागली असती सांगता येत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर हे काम टाळू नका. ओरिजनल कागद आणि चेक समक्ष परत द्या, शक्य असेल तर पोच घ्या, झेरॉक्स फाडून जाळून टाका, मोबाइलमधल्या आणि व्हॉट्सॲपमधल्या आधार-पॅनच्या फोटोंचंही तेच. डिजिटल डेटाचा कायदाही २०२३ साली झालाय, पण मी कायद्यासाठी सांगत नाही, लोकांनी विश्वासाने दिलेलं आहे म्हणून सांगतोय. आणि चालू फाइली असतील, कुणाचं सँक्शन म्हणजे मंजुरी झालीय पण सर्चमधे अडकलंय, कुणाचा गावठाणातला नमुना ८ आहे आणि बँक एनए म्हणजे बिगरशेतीचा कागद मागतेय, त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगा की मी अमुक तारखेला थांबतोय, पुढे तुमचं काम अमुक माणूस बघेल. गिऱ्हाईकाला दुसऱ्याकडून कळलं की तुम्ही लाइन सोडली तर तो गावभर सांगतो, आणि बरोबर सांगतो.

अनुभवाचा पुरावा ही आपल्या लोकांची मोठी अडचण. अकरा वर्षं राबलो पण पगाराची एक स्लिप नाही, पीएफ नाही, अनुभवाचं पत्र कोण देणार. त्यावर उपाय म्हणजे डीएसए ॲग्रीमेंटची कॉपी, कोड मिळाल्याचा मेल, पे-आउटची स्टेटमेंटं, मागच्या तीन-चार वर्षांचे २६ एएस म्हणजे कापलेल्या टॅक्सचे तक्ते आणि रिटर्न, हे सगळं एका फाइलीत तारखेवार लावा, आणि कोड बंद करताना काही येणं-देणं बाकी नाही असं मेलवर लिहून मागा, तोंडी नको. बायोडेटात गोल-गोल काही लिहू नका, महिन्याला किती फाइल लॉगिन म्हणजे बँकेत जमा, त्यातल्या किती सँक्शन, किती डिस्बर्स, हे खरे आकडे लिहा. समोरच्याला तेच समजतं. आणि मुलाखतीत टार्गेट बुडालेल्या महिन्याबद्दल विचारलं तर बुडाला म्हणून सांगा आणि का बुडाला ते सांगा, मला आत्ताचं काम त्याच उत्तरावर मिळालं, वकील साहेब म्हणाले जो माणूस स्वतःची रिजेक्ट फाइल एवढी नीट समजावतो त्याला टायटल, म्हणजे मालकी कोणाची ते, कळतं.

पुढे काय याचे मी वहीप्रमाणे दोन भाग करतो. सेल्स चालतं, लोन नको, असं असेल तर विम्याची परीक्षा आहे, ती फार अवघड नाही. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची ५-ए परीक्षा द्यावी लागते, दोन तास, १०० पैकी ५० पाहिजेत, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग एएमएफआय या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर. पण इथे एक हिशोब समजून घ्या, तो न समजल्यामुळे आपली माणसं सहा महिन्यांत पळून येतात. २० लाखाच्या लोन फाइलीवर समजा अर्धा टक्का पे-आउट धरला तर १० हजार एका झटक्यात मिळतात. फंडात लोकांचे १० लाख लावून दिले आणि समजा वर्षाला पाऊण-एक टक्का ट्रेल, म्हणजे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन, धरला तर वर्षभराचे साडेसात ते दहा हजार, ते पण महिन्या-महिन्याने थेंब थेंब. पैसा नंतर साचतो हे खरं, पण पहिली दोन वर्षं घर कशावर चालणार ते आधी ठरवा. रियल इस्टेटमधे जायचं तर महारेराचं एजंट रजिस्ट्रेशन पाहिजे, त्यासाठी ट्रेनिंग आणि परीक्षा आता सक्तीची आहे, नुसतं ओळखीवर फ्लॅट दाखवायचे दिवस गेले, आणि हे मला चांगलंच वाटतं. घरावरच्या सोलरला मागणी आहे, ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात कूलर-एसीचं बिल बघितलेल्या माणसाला फार समजवावं लागत नाही.

उलट लोन चालतं पण सेल्स नको, असं असेल तर क्रेडिट प्रोसेसिंग, लॉगिन डेस्क, फील्ड व्हेरिफिकेशन, पतसंस्थेतलं कर्ज खातं, बिल्डरकडचं डॉक्युमेंटेशन, वकिलांकडचं सर्च, इथे आपल्याला भाव आहे. खान्देशातली जमीन कशी असते, वाटणीपत्र न झालेला सातबारा, बहिणीचं हक्कसोड राहिलेलं, इनामाची नोंद, हे पुण्याहून आलेल्या पोराला कळायला दोन वर्षं लागतात. फक्त एक्सेल आणि मेल लिहिणं शिकून घ्या, महिनाभर रोज एक तास, एवढं पुरतं. रिकव्हरीत पण जागा असतात, त्याला डीआरए म्हणजे वसुली एजंटचं ट्रेनिंग आणि आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची परीक्षा लागते, ग्रॅज्युएटला ५० तास आणि बाकीच्यांना १०० तास, पण माझं स्पष्ट मत आहे, ज्या दारात आपण पेढे खाऊन सँक्शन लेटर दिलं त्याच दारात हप्त्यासाठी उभं राहायची ज्याची तयारी नाही त्याने तिकडे जाऊ नये.

एका गोष्टीपासून जपा. तुम्ही लाइन सोडली हे कळलं की पंधरा दिवसांत कोणीतरी येतोच, हॉटेलात बसवतो, महिन्याला अमुक टक्के परतावा म्हणतो, तुम्हाला फक्त तुमची माणसं जोडायचीत म्हणतो. त्याला तुम्ही नको असता, तुमच्या मोबाइलमधले हजार-दीड हजार नंबर पाहिजे असतात. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकून म्हातारी झालेली माणसं अजून आहेत, त्यांच्या घरात आपण चहा प्यालोय. नाही म्हणा आणि उठा, दुसऱ्या चहाला थांबू नका.

सेल्समधेच राहणार असाल तर शरीराची तयारी पण करा, मी हे हलकं सांगत नाही. मोटरसायकलवर दिवसाला शंभर किलोमीटर, जेवायची वेळ नाही, रात्री नऊला गिऱ्हाईकाचा फोन, पंचेचाळिशीत कंबर बोलायला लागते. शुगर, बीपी एकदा तपासून घ्या आणि नवीन ठिकाणी फिरती किती, पेट्रोल कोण देणार, बेसिक किती आणि इन्सेंटिव्ह किती, पहिल्या तीन महिन्यांत टार्गेट नाही झालं तर काय, हे जॉइन व्हायच्या आधी विचारा. दिवसातून वीस जण नाही म्हणणार हे धरूनच चाला, पण एकविसाव्या दारात जायच्या आधी पाच मिनिटं झाडाखाली बसायची सवय लावा, हे मला एका जुन्या एलआयसीवाल्या नानांनी सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बोलणं शेवटी ठेवू नका, पहिल्याच आठवड्यात बोला. बायकोला आकडा सांगा, किती शिल्लक, किती येणं, किती देणं, कागदावर. आई-वडिलांना आकडे नको असतात, त्यांना गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं ते पाहिजे असतं, ते ठरवून द्या. मला रिंगरोडला एकाने भर चौकात विचारलं होतं, काय भो, धंदा बसला म्हणे? मी सांगितलं, बदललाय. मनातून हललो होतो, पण घरच्यांना आधीच सगळं माहीत होतं म्हणून संध्याकाळी जेवण गोड लागलं.

आणि जुनं सिम कार्ड बंद करू नका, निदान दोन-तीन वर्षं तरी. गेल्या आठवड्यात सावद्याहून एका दादांचा त्याच नंबरवर फोन आला, लोन पूर्ण फिटलं, दोन महिने झाले, बँक घराचे ओरिजनल कागद देत नाही. त्यांना सांगितलं की लोन फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई द्यावी लागते, तसं लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज मीच व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवला. काल संध्याकाळी त्यांचा फोटो आला, टेबलावर खरेदीखत, इंडेक्स टू, आणि शेजारी केळीच्या वेफर्सची पुडी.