प्रथिनांसाठी एलसी-एमएस लावताना या चुका टाळा

एलसी-एमएसमध्ये (द्रव क्रोमॅटोग्राफीने मिश्रण वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरने वस्तुमान मोजणे) सिग्नल पडला की पहिला संशय मास स्पेक्ट्रोमीटरवर जातो आणि लगेच सोर्स (नमुन्याचे आयन बनवणारा भाग) उघडला जातो. थांबा. आधी बीएसएचे (गाईच्या रक्तातले एक प्रथिन) तयार ट्रिप्सिन डायजेस्ट, म्हणजे ट्रिप्सिन या विकराने प्रथिन कापून मिळालेले तुकडे (पेप्टाइड), चालवा. ते नेहमीसारखे आले तर उपकरण ठीक आहे, घोटाळा नमुन्यात आहे. त्यासाठी सगळे सुरळीत असतानाचा एक रन जपून ठेवलेला हवा. त्यातला रिटेन्शन टाइम (पेप्टाइड कॉलममधून, म्हणजे मिश्रण वेगळे करणाऱ्या नळीतून, बाहेर पडण्याची वेळ), पीकची रुंदी आणि कॉलमचा दाब हाताशी नसेल, तर तुलना कशाशी करणार?

नमुन्यातला सर्वांत चिवट शत्रू म्हणजे डिटर्जंट. स्पेक्ट्रममध्ये 44 डाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) अंतराने शिखरांची रांग दिसली, तर ते पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) किंवा ट्रायटन, ट्वीनसारखे डिटर्जंट समजा. सी-18 टिपवर (नमुना स्वच्छ करायची, पेप्टाइड धरून ठेवणारी छोटी टिप) मीठ धुऊन जाते, हे मात्र जात नाहीत. पेप्टाइडांसारखेच तेही चिकटून बसतात. त्यामुळे ते लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) घेऊच नका. एसडीएस हे डिटर्जंट लागलेच, तर डायजेशनआधी चौपट आकारमानाच्या थंड ॲसिटोनने प्रथिने खाली बसवा. मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाच्या) बाटल्याही साबणाने धुवू नयेत.

8 मोलर युरियातला नमुना 56 अंशांवर तापवणे ही नेहमीची चूक. युरियापासून सायनेट बनते, ते लायसिन या अमिनो आम्लाला आणि प्रथिनाच्या सुरुवातीच्या एन-टोकाला जोडले जाते, वस्तुमान 43 डाल्टनने वाढते आणि अशा लायसिनपाशी ट्रिप्सिन कापत नाही. युरिया असेल तर डीटीटीची (प्रथिनातले डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) पायरी खोलीच्या तापमानाला करा आणि ट्रिप्सिन घालण्यापूर्वी युरिया 1 मोलरपर्यंत विरळ करा.

मोबाइल फेजमध्ये टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिड) नको. पीक देखणे येतात, पण आयनीभवन दबते, 0.1 टक्के फॉर्मिक ॲसिड वापरा. टिपवरून 50 टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये काढलेला नमुना न सुकवता तसाच इंजेक्ट केला, तर पाण्याची ओढ असलेले पेप्टाइड कॉलमला न चिकटताच वाहून जातात. सुकवून 2 टक्के ॲसिटोनायट्राइल आणि 0.1 टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये विरघळवा.

आता जोड. नॅनो-एलसीत (अतिशय कमी प्रवाहाची एलसी) प्रवाह मिनिटाला 300 नॅनोलिटर. कॉलमनंतरच्या जोडात 100 नॅनोलिटरची पोकळी राहिली तर पेप्टाइड तिथे 20 सेकंद रेंगाळतात. पीक पसरतात, शेपट्या निघतात. केशनळी काटकोनात कापा, तळाला टेकेपर्यंत सरकवा आणि मगच फिटिंग आवळा. इतक्या कमी प्रवाहात गळतीचा थेंब बहुधा दिसतच नाही, दिसण्याआधीच वाळतो. दाब नेहमीपेक्षा कमी आणि सगळे पीक उशिरा, म्हणजे कॉलमआधी गळती. दाब चढला असेल तर तुंबलेय: स्प्रेच्या टोकाकडून पंपाकडे एकेक जोड सोडत जा, ज्या जोडापाशी दाब अचानक उतरेल, अडथळा त्याच्या लगेच पुढच्या, म्हणजे स्प्रेकडच्या, भागात असतो.