पोटाच्या डायलिसिसचा द्रव आणि रोगप्रतिकारक पेशी: प्रयोगात या चुका टाळा

मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पोटाच्या डायलिसिसच्या द्रवात ठेवल्या, त्यांना चेतवायला एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ) दिलं आणि टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू घसरलेला दिसला, की ‘द्रवाने सिग्नलिंग दाबलं’ असं लिहून मोकळं होऊ नका. नेमकं कशाने दाबलं? पारंपरिक पिशवीत पीएच ५.५ च्या आसपास असतो, लॅक्टेट लिटरला ३५ ते ४० मिलिमोल, ग्लुकोज भरपूर आणि उष्णतेने निर्जंतुक करताना त्याच ग्लुकोजपासून तयार झालेले विघातक पदार्थही. हे सगळे घटक एकाच वेळी पेशींवर काम करतात.

सर्वांत जास्त घोळ पीएचच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेच्या नमुन्यात, होतो. बरेच जण साध्या बफरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पीएच ५.५ करतात आणि तुलना झाली असं समजतात. ही तुलना अपुरी आहे. लॅक्टेट असलेल्या द्रवात पीएच ७.४ वरून ५.५ वर आला की विद्युतभार नसलेल्या लॅक्टिक आम्लाचं प्रमाण सुमारे ८० पट वाढतं. हे रेणू पेशीपटलातून सहज आत शिरतात, आत प्रोटॉन सोडतात आणि पेशीचा आतला पीएच खाली येतो. नुसत्या आम्लाने तो इतक्या झपाट्याने पडत नाही. त्यामुळे चार नमुने हवेतच: पीएच कमी-जास्त आणि लॅक्टेट असलेलं-नसलेलं, अशा चारही जोड्या. शक्य असेल तर पेशीचा आतला पीएचही मोजा.

वेळेचंही भान ठेवा. रुग्णाच्या पोटात हा द्रव साधारण अर्ध्या तासात उदासीन होत जातो. उदासीन न केलेल्या द्रवात पेशी चार तास ठेवल्या तर निम्म्या मेलेल्या असू शकतात, आणि मेलेली पेशी टीएनएफ सोडत नाही. जिवंतपणाची चाचणी केल्याशिवाय ‘दमन’ हा शब्द वापरू नका.

३.८६ टक्के ग्लुकोजच्या द्रवाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) ४८० मिलिऑस्मोलच्या पुढे जाते. एवढा ताणच पी३८ काइनेज हे पेशीतलं ताणाला प्रतिसाद देणारं विकर जागं करायला पुरतो, तेव्हा ग्लुकोजऐवजी मॅनिटॉल या दुसऱ्या पदार्थाने तेवढाच ताण देणारा कंट्रोल ठेवा. विघातक पदार्थांचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर तोच द्रव गाळणीने निर्जंतुक करून शेजारी ठेवा. दोन कप्प्यांची पिशवी असेल तर आधी दोन्ही कप्पे नीट मिसळा. पेशीतलं कॅल्शियम मोजणारे चमकणारे रंग वापरताना त्यांची चमकही पीएचनुसार बदलते, हे लक्षात असू द्या.

दूषितपणाची चाचणी उरकून टाकण्याची गोष्ट नाही. २००२ च्या सुमारास युरोपात आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरला जाणारा पिष्टमय पदार्थ) असलेला डायलिसिसचा द्रव वापरणाऱ्या रुग्णांना जंतू न सापडणारा पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) होऊ लागला. द्रव औषधसंहितेच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेला होता. दोष पेप्टिडोग्लायकन या जिवाणूंच्या भिंतीतल्या पदार्थाचा निघाला. तो एलएएल चाचणीत (एलपीएस शोधणारी नेहमीची चाचणी) दिसत नाही, पण मानवी पेशी त्याला आयएल-६ हा दाहाचा संदेश देणारा रेणू सोडून उत्तर देतात. म्हणून एलएएल निगेटिव्ह आली तरी द्रवाचा पीएच उदासीन करा, एलपीएस न देता पेशी त्यात ठेवा आणि आयएल-६ मोजा.