महागडी पॉवर केबल घेण्याआधी अर्थिंग तपासा

भारी पॉवर केबलने स्पीकरचा आवाज सुधारत नाही. तिच्यातून येतो तो 230 व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज. ॲम्प्लिफायर त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, करूनच वापरतो. 1.5 चौरस मिलिमीटरची तीन-कोअर तांब्याची केबल पुरे. प्लग ढिला असेल तर मात्र कडकड येते, तो बदलाच.

सतत घूं ऐकू येतं? मल्टीमीटर एसी 750 व्होल्टवर ठेवून सॉकेटात फेज-न्यूट्रल मोजा, मग फेज-अर्थ. दुसरा आकडा बराच कमी आला तर अर्थिंग कच्चं. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो. बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा. घूं घालवायला अर्थची पिन कधीच कापू नका, जीवावर बेतेल.

शेतपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा.