आईच्या झोपेसाठी वाळ्याचं तेल

लॅव्हेंडरने झोप लागते असं जो तो सांगतो, म्हणून मी आधी तेच आणलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई उशीला नाक लावून म्हणाली, "फरशी पुसलीस का गं?" संपला विषय. वास नाकातून थेट मेंदूतल्या आठवणी-भावनांच्या भागाकडे जातो, आणि आईच्या आठवणीत लॅव्हेंडर नाही, फिनेल आहे. माठात मात्र तिने जन्मभर वाळ्याची जुडी टाकली. म्हणून वाळा.

विकत घेताना लेबलावर 'क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस' हे वाळ्याचं शास्त्रीय नाव शोधा. नुसतं 'खस फ्रॅग्रन्स' असेल तर राहू द्या. कनौजची रूह खस, म्हणजे वाळ्याचंच तेल, तांब्याच्या डेगेत (मोठ्या हंड्यात) काढतात, म्हणून हिरवट दिसते. ती महाग पडते. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघायची परीक्षा लॅव्हेंडरला चालते, वाळ्याला नाही. हे तेल जड, अस्सल असलं तरी डाग सोडतं. बाटलीतून पडतही नाही लवकर. जरा वेळ मुठीत धरून ऊब द्या.

30 मिली तिळाच्या तेलात 6 थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. मग झोपायच्या अर्धा तास आधी चमचाभर तेल घेऊन काशाच्या वाटीने तळपाय घासा, एकेक पाय पाच मिनिटं. (निम्मा गुण वाटीचा आणि शेजारी बसण्याचा असावा, असा माझा संशय आहे.) नंतर तळवे नीट पुसा, रात्री उठलं की फरशीवर पाय सटकतो.

घासायचा कंटाळा आला तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब, उशाशी वाटीत. त्याहून जास्त टाकलं की डोकं चढतं.

आंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकू नका. मी एकदा गवती चहाचं तेल टाकलं. तेल पाण्यावर तरंगतं. पहिल्याच तांब्यात सगळं पाठीवर आलं आणि तासभर आग आग.

तान्हं बाळ किंवा मांजर असलेल्या खोलीत हे काही नको. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आईची चालूच आहे, रात्री दोनच्या फेऱ्या तेवढ्या कमी झाल्यात.

आणि बाटली औषधांच्या डब्यात ठेवू नका. आईने ती खोकल्याचं औषध समजून चमच्यात ओतायला घेतली होती. दाट म्हणून वाचली. आता ती माझ्या कपाटात असते. साड्यांना माठाचा वास येतो.